पाइनची राळ: दुकानातून आणल्यापासून डबा बंद करेपर्यंत

काष्ठौषधींच्या दुकानात नुसतं ‘राळ द्या’ म्हटलं, तर पुडीत नक्की काय बांधून मिळेल ते सांगता येत नाही. साल वृक्षाचा वाळलेला चीक मिळेल. आयुर्वेदात आणि धुपासाठी राळ म्हणतात ती बहुतेक हीच. पाइनच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर मागे उरणारे मधाच्या रंगाचे, काचेसारखे फुटणारे खडेही मिळतील. बाजारात यांना बिरोजा किंवा रोझिन म्हणतात. एखादा दुकानदार चंद्रस ही तिसरीच राळ देईल. तिन्ही वस्तू पिवळसर, ठिसूळ आणि जळताना सुगंधी. पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. सोल्डरिंगला सालाची राळ कुचकामी, आणि टाचेच्या भेगांना लावायच्या मलमात पाइनची राळ पडली तर कातडी सुजू शकते.

हा लेख फक्त पाइनच्या राळेबद्दल आहे. तिचे तीन गुण पक्के लक्षात ठेवले की पुढचं सगळं सोपं जातं. ती ७० ते ८० अंश सेल्सिअसलाच मऊ पडते. ती मुळात आम्ल आहे. आणि हवा लागली की ती हळूहळू बदलते, ऑक्सिजन शोषून घेते. तिचे सगळे उपयोग या तीन गुणांतून निघतात, आणि सगळे धोकेही.

येते कुठून

सह्याद्रीत पाइन आपोआप उगवत नाही. आपल्याकडची देशी राळ येते ती हिमाचल, उत्तराखंड आणि जम्मूकडच्या चीड वृक्षापासून. शास्त्रीय नाव पायनस रॉक्सबर्घी. साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवरच्या उतारांवर याची जंगलं आहेत. खोडाची साल तासून तिरप्या खाचा पाडतात, खाली पन्हळ आणि भांडं लावतात, आणि चीक वाहता राहावा म्हणून ठरावीक दिवसांनी नवी खाच पाडून तिच्यावर सौम्य आम्ल फवारतात. गोळा होणाऱ्या दाट चिकाला कुमाऊं-गढवालमध्ये लीसा म्हणतात. हिमाचलमध्ये राज्य वन विकास महामंडळाचे नाहन आणि बिलासपूरला कारखाने आहेत. तिथे हा चीक गाळून, वाफेच्या साहाय्याने त्यातलं टर्पेंटाइन उडवतात. ढोबळमानाने चिकाच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के राळ उरते आणि पंधरा-वीस टक्के टर्पेंटाइन मिळतं.

ट्रेकला गेलेल्या कुणी खोडावरचा कच्चा चीक बरणीत भरून आणला, तर तो घरी उकळून राळ करायच्या फंदात पडू नका. टर्पेंटाइनची वाफ पस्तीस अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी होते आणि स्वयंपाकघरातली शेगडी फार लांब नसते.

पाइनच्या राळेचे आणखी दोन प्रकार आहेत. तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांतून द्रावक वापरून काढतात ती एक, आणि कागदाचा लगदा करताना निघणाऱ्या टॉल ऑइलमधून मिळते ती दुसरी. किरकोळ ग्राहकाला यातला फरक सहसा जाणवत नाही. मात्र डब्याच्या लेबलवर किंवा सुरक्षापत्रकावर ‘कोलोफनी’ किंवा सीएएस (रसायनांची आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक ८०५०-०९-७ दिसला, तर ती हीच वस्तू समजायची.

पुडीत काय आलं ते तपासा

रंगावर जाऊ नका. वासाने थोडा अंदाज येतो, कारण पाइनच्या राळेला टर्पेंटाइनचा हलका वास असतो. पण जुनी राळ जवळपास बिनवासाची असते. भरवशाच्या चाचण्या दोन आहेत.

पहिली स्पिरिटची. फर्निचरच्या पॉलिशसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते स्पिरिट चालेल. काचेच्या छोट्या बाटलीत चिमूटभर पूड घाला, चार-पाच चमचे स्पिरिट ओता, झाकण लावून हलवा आणि तासभर ठेवा. पाइनची राळ पूर्ण विरघळते, तळाशी फार तर सालीचा चुरा आणि माती राहते. सालाची राळ अर्धवट विरघळते. बाकीचा भाग पांढरट, चिकट गाळ होऊन बसतो. ही चाचणी करताना जवळपास उदबत्तीसुद्धा पेटलेली नको.

दुसरी चाचणी जास्त मजेची आणि माझ्या मते जास्त खात्रीची. कपभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून गरम करा आणि त्यात वस्त्रगाळ केलेली चिमूटभर राळ टाकून मंद उकळा. पाइनची राळ आम्ल असल्यामुळे सोड्याशी तिची क्रिया होते, बुडबुडे येतात आणि तपकिरी, साबणासारखं पाणी तयार होतं. गार झाल्यावर बाटलीत घालून हलवलं तर फेस धरतं. त्यात लिंबू पिळलं की पाणी दुधाळ होऊन राळ पुन्हा बाहेर पडते. सालाच्या राळेत आम्लाचं प्रमाण फारच कमी, त्यामुळे ती तशीच तरंगत किंवा भांड्याला चिकटून राहते. चाचणीचं भांडं परत स्वयंपाकात वापरू नका.

लिंबाऐवजी तुरटी घातली असती, तर तुम्ही कागद कारखान्यातली प्रक्रियाच छोट्या प्रमाणात केली असती. शाई कागदावर फुटू नये म्हणून लगद्यातच राळेचा साबण आणि तुरटी मिसळायची युक्ती जर्मनीच्या मोरिट्झ इलिगने १८०७ साली प्रसिद्ध केली आणि पुढे शंभर-दीडशे वर्षं जगभरचा छापील कागद तसाच होत राहिला. ग्रंथालयातली जुनी मराठी पुस्तकं पिवळी पडून पानाच्या कडा बोटाला लागताच तुटतात, त्यामागे त्या तुरटीमुळे कागदात राहिलेलं आम्ल हे एक मोठं कारण आहे.

आणि हिंगात ही राळ मिसळायची खोड जुनीच. इतकी की अन्नपदार्थांच्या भारतीय नियमांमध्ये बांधानी (पीठ आणि डिंक मिसळून केलेल्या) हिंगात कोलोफनी नसावी असं नाव घेऊन लिहिलेलं आहे.

विकत घेताना

राळेची प्रत रंगावरून ठरते. आंतरराष्ट्रीय व्यापारात ‘एक्स’ आणि ‘डब्ल्यूडब्ल्यू’ ही सर्वांत फिकट, पाण्यासारखी नितळ पिवळी; मग ‘डब्ल्यूजी’, ‘एन’, ‘एम’, ‘के’ अशी उतरत थेट ‘डी’पर्यंत, म्हणजे गडद लालसर-तपकिरी. भारतीय मानक आयएस ५५३ आहे. फ्लक्स (सोल्डर धातूला धरावं म्हणून लावायचं द्रव्य) आणि वाद्यांसाठी फिकट प्रत घ्या. नक्षीकामात धातूखाली भरायला कितीही काळी राळ चालते, तिथे जास्तीचे पैसे घालवू नका.

पूड विकत घेऊ नका, खडे घ्या. राळ बारीक केली की हवा लागणारा पृष्ठभाग कैक पटींनी वाढतो, ती लवकर ऑक्सिडाइझ होते, आणि तशी झालेली राळच ॲलर्जीला जास्त कारणीभूत ठरते. बारीक पुडीचा मोठा ढीग आपोआप तापूही शकतो. खडा फोडल्यावर आतला भाग चकचकीत आणि पारदर्शक दिसला पाहिजे. वरचा पांढरट थर म्हणजे घासलेली पूड, त्याची काळजी नको. आत ढगाळ दिसली तर पाणी राहिलंय किंवा राळ आतल्या आत स्फटिक धरतेय.

वितळवायची कशी

बहुतेक अपघात इथेच होतात, म्हणून सावकाश वाचा.

जाड बुडाचं, रुंद तोंडाचं, उभ्या कडांचं भांडं घ्या. अर्ध्याच्या वर भरू नका. राळेत पाण्याचा अंश असला तर ती फेसाळून वर येते. गॅसची ज्योत नको, बंद तव्याची विजेची शेगडी घ्या. हाताशी घट्ट बसणारं झाकण आणि २०० अंशांपर्यंत मोजणारा स्वयंपाकाचा थर्मामीटर हवाच. हातात सुती किंवा चामडी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोळ्यांना गॉगल. नायलॉनचे कपडे घालू नका, गरम थेंब पडला की तेही वितळून कातडीला चिकटतात.

खडे सुपारीएवढे फोडून घ्या. शेगडी मंद ठेवा. ८० अंशांना खडे कडेने मऊ होतील, १०० च्या आसपास सगळं काकवीसारखं दाट वाहायला लागेल, १२० ला पातळ होईल. इथे थांबा. १३० च्या पुढे न्यायचं घरगुती कामात मला एकही कारण दिसत नाही. १५० च्या पुढे धूर वाढतो आणि रंग काळवंडतो. १८० च्या पलीकडे वाफ भडका घेण्याइतकी होते.

एकसंध मोठा गट्टा भांड्यात थिजलेला असेल आणि तो परत वितळवायचा असेल, तर खालून सरळ तापवू नका. तळ आधी वितळतो, फुगतो, वरचा टणक थर त्याला वाट देत नाही आणि मग फट सापडेल तिथून उकळती राळ पिचकारीसारखी उडते. आधी सळई तापवून वरून तळापर्यंत एक-दोन भोकं पाडा किंवा हीट गनने कडेने आणि वरून मऊ करत या.

काड्या, साल, पाइनच्या सुया गाळायच्या तर १२० अंशांना स्टीलच्या बारीक चाळणीतून दुसऱ्या कोरड्या भांड्यात ओता. ‘कोरड्या’ यावर जोर आहे.

सोल्डरिंगचा फ्लक्स

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान घेणाऱ्यांना राळ ओळखीची असते ती फ्लक्स म्हणून. तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, सोल्डर त्याला धरत नाही. तापलेली राळ, म्हणजे मुख्यतः तिच्यातलं ॲबिएटिक आम्ल, तो थर विरघळवून टाकते आणि वर पसरून नवा थर धरू देत नाही. गार झाली की ती पुन्हा कठीण, निष्क्रिय आणि वीज न वाहून नेणारी होते. तापल्यावर काम करणारं आणि गार झाल्यावर गप्प बसणारं आम्ल, हा गुण दुसऱ्या स्वस्त पदार्थांत सहसा सापडत नाही. कल्हईचा नवसागर किंवा पत्रेकामाची जस्त विरघळवलेली आम्लं सर्किट बोर्डावर कधीच वापरू नयेत ती याचसाठी. ती गार झाल्यावरही तांबं खात राहतात.

फ्लक्स घरी करायला वितळवण्याची गरज नाही.

२५ ग्रॅम फिकट राळ जाड पिशवीत घालून हलक्या हाताने ठेचा, पूड न करता ज्वारीच्या दाण्याएवढी कणी राहू द्या. काचेच्या बरणीत १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्क्यांचं. दवाखान्यातलं ७० टक्क्यांचं आणू नका, त्यातल्या पाण्याने राळ पांढरी होऊन बाहेर पडते आणि मिश्रण ताकासारखं दिसतं. कणी घालून झाकण घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. लवकर व्हावं म्हणून गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवायचा मोह आवरा. हे अल्कोहोल १२ अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. सकाळी कॉफीच्या फिल्टरमधून गाळा, काळ्या रंगाच्या बाटलीत भरा, वर नाव आणि तारीख लिहा. नेलपॉलिशच्या रिकाम्या, ॲसिटोनने धुतलेल्या बाटलीत थोडा काढून ठेवला तर ब्रशही आयता मिळतो.

लावताना पातळ हात फिरवा आणि अल्कोहोल उडायला मिनिटभर थांबा. ओल्या फ्लक्सवर इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, टेकवलं तर तडतडून थेंब डोळ्यात उडतो. ६०/४० ची तार, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं, १८३ अंशांना वितळायला लागते. शिसेविरहित तारेला २१७ ते २२० लागतात. टोकाचं तापमान पहिल्यासाठी ३२० च्या आसपास पुरतं. ४०० वर ठेवून भराभर काम उरकणारे कारागीर राळ क्षणात जाळून टाकतात. मग सांधा कोरडा राहतो, आणखी फ्लक्स, आणखी धूर.

या साध्या फ्लक्सचा उरलेला पिवळा थर बोर्डावर राहिला तरी सहसा बिघडत नाही. बाजारच्या फ्लक्सवर ‘आरएमए’ किंवा ‘आरए’ लिहिलेलं असेल तर त्यात जास्तीचे ॲक्टिव्हेटर, म्हणजे ऑक्साइड जोराने काढणारी रसायनं, असतात. ‘आरए’ असेल तर काम झाल्यावर अल्कोहोल आणि ब्रशने पुसून काढा.

त्या धुराबद्दल

सोल्डरिंग करताना दिसणारा निळसर-पांढरा धूर शिशाचा आहे असा सार्वत्रिक समज आहे. त्या तापमानाला शिसं जवळजवळ उडत नाही. दिसतो तो धूर राळेचा. शिशाचा धोका असतो तो बोटांना लागलेलं पोटात जाण्याचा, म्हणून हात धुतल्याशिवाय चहाला बसू नये. पण फुफ्फुसांसाठी खरी गोष्ट राळेचीच.

राळेच्या धुरामुळे होणारा व्यावसायिक दमा वैद्यकशास्त्राला चांगला ठाऊक आहे. तो येतो कसा ते समजून घ्यायला हवं. सुरुवातीला काहीच होत नाही, महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं. दरम्यान शरीर संवेदनशील होत जातं. एकदा झालं की अगदी थोडा धूरही पुरतो: शिंका, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, रात्रीचा खोकला. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर गेल्यावर परत सुरू होतं, ही मुख्य खूण. अशी खूण दिसली तर औषध घेऊन तेच काम रेटत राहू नका. छातीच्या डॉक्टरांना काम काय करता ते आपणहून सांगा, बऱ्याचदा विचारलं जात नाही. ब्रिटनमध्ये राळयुक्त सोल्डर फ्लक्सच्या धुराची आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या घनमीटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि थोड्या वेळासाठी ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे डोळ्यांना ढग दिसतोय तिथे मर्यादेचा प्रश्नच उरला नाही.

धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात. रुमाल किंवा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, पण सोबतची फॉर्माल्डिहाइडसारखी वायुरूप द्रव्यं नाही. टेबलावर ठेवायच्या स्वस्त पंख्यातला काळा फोम वास कमी करतो, कण फारसे धरत नाही. त्याच्यामागे लवचीक नळी लावून ती खिडकीबाहेर सोडली तर मात्र तोच पंखा कामाचा होतो. मी तरी पैसे फिल्टरवर घालण्याआधी नळीवर घालेन. नळीचं तोंड सांध्यापासून वीतभर अंतरात हवं, लांबून ओढून उपयोग नाही. छताचा पंखा धूर सगळ्या खोलीत पसरवतो. आणि तोंड थेट बोर्डाच्या वर धरून, भिंग लावून वाकून काम करायची जी सवय सगळ्यांना असते ती मोडा. बोर्ड थोडा पुढे सरकवून तिरका धरला तरी धूर नाकाऐवजी कपाळापुढून जातो. घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल तर त्या खोलीत सोल्डरिंग नकोच.

नक्षीकामासाठी राळ

चांदीचे मुखवटे, प्रभावळी, देव्हाऱ्याची पत्रं ज्या पद्धतीने उठवतात तिला धातूखाली असा आधार लागतो जो ठोक्याखाली दबेल पण ढासळणार नाही. तो आधार म्हणजे राळ, सुरखी (विटांची बारीक पूड) आणि तेल. प्रत्येक कारखान्याचं प्रमाण वेगळं, आणि विचारलं तर हसून टाळतात. नवशिक्याने सुरुवात करायला हे घ्या: एक किलो राळ, एक किलो वस्त्रगाळ सुरखी, पन्नास-साठ मिलिलिटर गोडेतेल.

सुरखी आदल्या दिवशी तव्यावर भाजून कोरडी करा आणि गरम असतानाच डब्यात बंद करा. ओलसर सुरखी वितळलेल्या राळेत पडली की ती उतू जाते, हेच या कामातलं सर्वांत वारंवार घडणारं संकट. राळ वर सांगितल्याप्रमाणे १२० अंशांपर्यंत न्या, शेगडी अगदी मंद करा, सुरखी मूठमूठ घालत लाकडी दांड्याने ढवळा. शेवटी तेल. थेंबभर गार लोखंडावर टाकून थिजू द्या आणि नख दाबा: व्रण उठला पण गोळी फुटली नाही तर जमलं. फुटली तर तेल थोडं वाढवा, नख सहज रुतलं तर सुरखी. थंडीत तेल जास्त लागतं, मे महिन्यात जवळजवळ नाहीच. नागपूरच्या उन्हाळ्यात पुण्याचं प्रमाण चालणार नाही.

पत्रा बसवण्यापूर्वी त्याच्या मागे पुसट तेलाचा हात द्या, राळेचा पृष्ठभाग हीट गनने मऊ करा, पत्रा दाबून बसवा, कडांवर थोडी राळ चढवा आणि पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना ठोकलं तर रेघ लोळते. काढताना पत्रा वरून तापवून चिमट्याने उचला, चिकटलेली राळ टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसा. भट्टीत जाळून टाकायची पद्धत सर्रास दिसते. तिचा काळा धूर सोल्डरिंगच्या धुराचाच मोठा भाऊ आहे.

पोकळ भांडं किंवा मुखवटा आतून भरलेला असेल तर तो रिकामा करताना नेहमी उघड्या तोंडाकडून तापवत आत जा. तळ आधी वितळला तर काय होतं ते वर सांगितलंच आहे, फक्त इथे भांडं तुमच्या हातात असतं.

गज आणि वाद्यं

व्हायोलिन, सारंगी, दिलरुबा, कशाचाही गज राळेशिवाय तारेवरून नुसता घसरतो. राळेची पूड केसांना लागली की केस तारेला धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि तार कंप पावते. नवी वडी गुळगुळीत असते, तिच्यावर बारीक सँडपेपर एकदा फिरवा म्हणजे पूड सुटेल. मग केस पूर्ण लांबीने, सावकाश, थोड्याच वेळा. तारेवरून पांढरा धुरळा उडत असेल तर राळ जास्त झाली. वाजवून झाल्यावर वाद्यावरची पूड सुक्या मऊ कापडाने पुसा. स्पिरिट अजिबात नको, कारण व्हायोलिनचं वॉर्निशही त्यातच विरघळतं. वडी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पुडीने शिंका येणाऱ्यांसाठी राळविरहित कृत्रिम वड्या मिळतात.

अंगाला लागणारी राळ

टाचेच्या भेगांवर राळेचं मलम हा घराघरातला जुना उपाय: राळ तेलात किंवा तुपात विरघळवून पाण्याने धुऊन धुऊन पांढरं लोणी करायचं. परंपरेने त्यात सालाची राळ असते. दुकानातून पाइनची आली असेल, आणि वरच्या चाचण्यांनी ते कळेल, तर भेगांना लावू नका. कोलोफनी ही त्वचेच्या ॲलर्जीची इतकी नेहमीची कारक आहे की त्वचारोगतज्ज्ञांच्या ठरलेल्या पॅच टेस्टच्या संचात ती असतेच, पेट्रोलियम जेलीत २० टक्के या प्रमाणात. चिकटपट्टीखाली चौकोनी लाल डाग उठतो किंवा केस काढायच्या वॅक्सनंतर दोन दिवसांनी खाज सुटते अशांनी सावध राहावं. दोन्हींत ही राळ वापरली जाते. प्रतिक्रिया लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी येते, त्यामुळे ‘लावून बघितलं, काही झालं नाही’ याला अर्थ नाही. एकदा ॲलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभराची.

मधमाशीचं मेण आणि राळ लावलेलं, डबा गुंडाळायचं कापड घरी करायची सध्या हौस आहे. हार्डवेअरची औद्योगिक राळ घेऊन मी ते करणार नाही. शीतपेयांत वापरायला परवानगी असलेला राळेपासूनचा पदार्थ, आयएनएस (अन्नात घालायच्या पदार्थांचा क्रमांक) ४४५, हा शुद्ध करून ग्लिसरीनशी क्रिया केलेला वेगळाच पदार्थ आहे; त्याच्या नावावर साधी राळ खाण्याजवळ आणता येत नाही.

सोंगांची राळ

जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून सोंगं नाचवायच्या उत्सवात, सोंग येताना पेटत्या टेंभ्यावर राळेची मूठ उडवतात आणि क्षणभर अंधार उजळून निघतो. गट्टा राळ सहजी पेटत नाही, पण हवेत पसरलेली पूड एकदम पेटते. पिठाच्या गिरणीत किंवा साखर कारखान्यात धुळीचा स्फोट होतो तोच प्रकार. उघड्या मैदानात, वाऱ्याची दिशा बघून, वर्षानुवर्षं ते करणारा माणूस करतो तेव्हा गोष्ट वेगळी. शाळेच्या स्नेहसंमेलनात, कापडी मांडवाखाली किंवा बंद सभागृहात हा प्रयोग करू नका. कार्यशाळेतही राळ दळायची वेळ आली तर जवळ ज्योत, ठिणगी किंवा मिक्सरसारखं उघडं विजेचं यंत्र नको, खलबत्ता वापरा.

पेटली, भाजली, चिकटली तर

भांडं पेटलं तर शेगडी बंद करा आणि बाजूने झाकण सरकवून तोंड बंद करा. गार होईपर्यंत उघडू नका, भांडं उचलून बाहेर पळू नका. झाकण नसेल तर कोरडी वाळू किंवा ड्राय पावडरचं अग्निशामक. पाणी कधीही नाही. ते राळेच्या खाली जाऊन वाफ होतं आणि पेटती राळ चहूकडे उडवतं.

वितळलेली राळ कातडीवर पडली तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. चिकटलेला थर ओढून काढू नका, कातडीही सोबत येते. तसंच झाकून डॉक्टरांकडे जा. भाजलेलं नसेल आणि नुसतीच गार राळ चिकटली असेल तर खोबरेल तेल चोळा, पाच मिनिटांनी साबणाने धुवा. कपड्यावरची राळ फ्रीजरमध्ये तासभर ठेवून खडकन मोडा आणि उरलेला डाग स्पिरिटने काढा, आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते पाहून.

साठवण

खडे हवाबंद डब्यात, अंधाऱ्या आणि थंड जागी ठेवा. मुंबईच्या दमट हवेपेक्षा विदर्भातल्या उकाड्याने राळेचं नुकसान जास्त होतं. पत्र्याच्या शेडमध्ये खडे एकमेकांना चिकटून एकच गट्टा होतो. कोंदट कपाटात अल्कोहोलच्या फ्लक्सशेजारी देवाची समई किंवा गीझर नको. राळेने किंवा टर्पेंटाइनने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या स्वतःहून तापून पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा, मग टाका. वितळलेली राळ मोरीत ओतू नका. ती पाइपमध्ये थिजते आणि प्लंबरचं मोरी साफ करायचं कॉस्टिक तिच्यावर फार सावकाश काम करतं. वर्तमानपत्रावर ओतून गार होऊ द्या, फोडा आणि पुढच्या वेळच्या नक्षीकामाच्या भांड्यात टाका.